रंग सगळ्यात शेवटी: घरच्या गॅरेजात जुनी जावा-येझदी उभी करताना

कोल्हापूर परिसरात जुनी जावा किंवा येझदी मोटरसायकल शोधायला फार वणवण करावी लागत नाही. कुणाच्या आजोबांची गाडी गोठ्याच्या आडोशाला पोत्याखाली उभी असते, कुणाची दुकानामागच्या बोळात. गाडी मिळते, ती पुरी होत नाही, हे खरं दुखणं. हौसेनं गाडी खोलली जाते, पहिल्याच महिन्यात टाकी आणि मडगार्ड रंगवून आणली जातात, फोटो काढले जातात, आणि इंजिन मात्र सुट्या भागांच्या रूपात खोक्यात पडून राहतं. पुढे तीच गाडी 'अर्धवट काम झालेली' म्हणून विकायला निघते.

म्हणून या लेखात क्रमावर जोर आहे. गाडी आधी बिनरंगाची, पूर्ण जोडून, रस्त्यावर चालती करायची. मग पुन्हा खोलून रंगवायची. काम दुप्पट वाटतं, पण शेवटी तेच स्वस्त पडतं. दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. खोलणं, धुणं, मोजणं, जुळवणं हे घरी करा. बोअरिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणं), क्रँक, प्लेटिंग घरी करायच्या भानगडीत पडू नका. शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवार नगरात जे लेथवाले, बोअरिंगवाले, झाळकाम करणारे बसलेत, त्यांच्या जोरावर हा छंद आपल्याला इतर गावांपेक्षा सोपा जातो.

उदाहरणाला मी आयडियल जावाची २५० सीसी टू-स्ट्रोक गाडी धरली आहे. ही कंपनी १९६० साली म्हैसूरला स्थापन झाली. आधी जावा, सत्तरच्या दशकापासून येझदी या नावानं गाड्या निघाल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तुमच्याकडे राजदूत किंवा आरएक्स १०० असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

गाडीआधी कागद

पैसे देण्यापूर्वी आरसी पुस्तक बघा आणि चेसिस नंबर, इंजिन नंबर स्वतः वाचून ताडून घ्या. नंबरावर गंज आणि ग्रीस बसलेलं असतं. तिथे एमरी किंवा ग्राइंडर लावू नका. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्यानं पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. ठसा खाडाखोड केलेला वाटला, तर गाडी कितीही देखणी असो, नमस्कार करून परत या. बिनकागदाची गाडी सुट्या भागांसाठी घेणं वेगळं. तिच्या नावावर एखादी आरसी 'बसवून देतो' म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ आणि वारसाची कागदपत्रं. आरसी हरवली असेल तर फॉर्म २६. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे फॉर्म २५ भरून, गाडी तपासून घेऊन ५-५ वर्षांनी नूतनीकरण करायचं आणि पर्यावरण कर भरायचा. मुदत संपून गेलेली असेल तर विलंबाचा आकारही लागतो, आणि तो महिन्यागणिक वाढतो. हा हिशेब गाडी घेण्याआधी करा, म्हणजे भावात घासाघीस करता येते.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आहेत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. रविवारी सकाळी पन्हाळ्याला जाऊन झुणका-भाकर खाऊन यायचा विचार असेल तर साधं नूतनीकरणच बरं.

आणि एक खास इकडची तपासणी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली राहिलेली गाडी कधी समोर येते. वरून धुतलेली असते, पण हेडलाइटच्या वाटीच्या आत, एअर फिल्टरच्या डब्यात, ब्रेक ड्रमच्या मागे, सीटखालच्या पत्र्याच्या घडीत गाळाची बारीक रेघ राहतेच. अशी गाडी घेऊ नये असं नाही. मात्र क्रँकच्या बेअरिंगपासून वायरिंगपर्यंत सगळं बदलायचं आहे, हे धरूनच भाव ठरवा.

जागा, हत्यारं आणि कॅलेंडर

दहा बाय बारा फुटांची कोरडी जागा, चांगला उजेड आणि भक्कम टेबल पुरतं. गॅस गिझर, देवघर किंवा इन्व्हर्टर शेजारच्याच भिंतीला असेल तर पेट्रोलचं काम बाहेर अंगणात करा. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि ठिणगी कुठली हे विचारत नाही.

रिंग पाने, टी-पाने, बॉक्स सेट, चांगली सर्क्लिप पक्कड, फिलर गेज, व्हर्नियर, टॉर्क रेंच, आणि हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर घ्या. या शेवटच्या वस्तूवर पैसे वाचवू नका. जुन्या केसिंगचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरनं काढायला गेलात की डोकी गोल होतात, मग ड्रिल मारत बसावं लागतं. क्लच आणि डायनामोचा रोटर काढायला त्या गाडीचे पुलर लागतात. ते बाजारात मिळतात, नाहीतर उद्यमनगरात नमुना दाखवून वळून घ्या. छिन्नी घालून रोटर उपटणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका.

कॅलेंडरचं म्हणाल तर, जून ते सप्टेंबर आपल्याकडे भिंतींनाही ओल येते. या दिवसांत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि उघडा केलेला पत्रा रात्रीत तांबूस होतो. त्यामुळे पावसाळा इंजिन, कार्बोरेटर आणि वायरिंगसाठी ठेवा. रंगाचं काम दसऱ्यानंतर, जमलं तर दिवाळीनंतर.

खोलणं

गाडी धुण्याआधी फोटो काढा. होय, घाणीसकट. कुठल्या नटाखाली वायसर आहे, केबल हँडलच्या पुढून जाते की मागून, वायरीचा जुडगा चेसिसच्या कुठल्या बाजूनं जातो, हे सगळं त्या घाणीतच शाबूत असतं. प्रत्येक जोडाचे तीन बाजूंनी फोटो आणि प्रत्येक जोडासाठी वेगळी पिशवी. पिशवीवर मार्करनं लिहू नका, डिझेलचा हात लागला की अक्षर जातं. चिठ्ठी लिहून आत टाका. शक्य तिथे नट-बोल्ट काढल्या जागीच परत हातानं फिरवून ठेवा. तुटका भागही फेकायचा नाही, तोच पुढे टर्नरला नमुना म्हणून लागतो.

कीक जाम असेल तर तिच्यावर उड्या मारू नका. जावा-येझदीत कीक आणि गिअर एकाच दांड्यानं चालतात, त्यामुळे तिथले आटे-खाचा गेल्या तर खर्च दुप्पट. प्लग काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं ओता, काही दिवस मुरू द्या. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं पुढे-मागे हलवा. बहुतेक पिस्टन असे सुटतात. नाहीच सुटला तर हेड काढून, पिस्टनच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके.

इंजिन उतरवण्याआधी क्लचचं झाकण काढून आतले मोठे नट चेसिसमध्येच सैल करून घ्या; टेबलावर इंजिन धरायला दुसरा माणूस लागतो. काही नट उलट्या आट्याचे असतात. मॅन्युअल बघितल्याशिवाय लांब पाइप घालून जोर लावू नका.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवायची सवय सोडा. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

गंज

नट, बोल्ट, स्टँड, फूटरेस्ट, साखळीचं झाकण असल्या लोखंडी वस्तूंना पशुखाद्याची मळी उत्तम. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, झाकणाचा प्लॅस्टिक ड्रम. भाग त्यात एक ते तीन आठवडे बुडवून ठेवायचे. मळीतले घटक गंजातलं लोह धरून ठेवतात आणि चांगल्या लोखंडाला जवळजवळ धक्का लावत नाहीत. ॲल्युमिनियम, जस्त आणि मजाकचे (जस्ताच्या मिश्रधातूचे) भाग मात्र चुकूनही टाकू नका, ते खाल्ले जातात. वासाबद्दल घरच्यांना आधी सांगून ठेवा. मुंग्यांचा बंदोबस्त ज्यानं त्यानं बघावा.

टाकीसाठी सोडा आणि बॅटरी चार्जरची पद्धत घरी बरी पडते. टाकीत पाणी भरून दर चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. झाकणातून एक साधी लोखंडी सळई आत सोडायची, पण ती टाकीला कुठेही टेकता कामा नये. रबरी बुचातून घाला. चार्जरची पॉझिटिव्ह सळईला, निगेटिव्ह टाकीला. बुडबुडे यायला लागतात. सळईवर काळं-तांबडं साचत जातं, अधूनमधून चार्जर बंद करून ती घासून परत सोडायची. स्टेनलेसची सळई वापरू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हे बुडबुडे हायड्रोजनचे आहेत, तेव्हा काम उघड्यावर आणि आसपास बिडी-सिगारेट नको. झाल्यावर टाकी धुऊन, हेअर ड्रायरनं कोरडी करून लगेच आत थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल फिरवा. अर्धा तास चहाला गेलात तरी आत परत तांबूस झाक धरते.

टाकीला भोक असेल तर झाळकाम करणाऱ्याकडे न्या आणि 'आत पेट्रोल होतं' हे तोंडानं सांगा. वाळलेल्या टाकीतही वाफ उरते. जाणता कारागीर ती आधी पाण्यानं भरून, वाफ घालवूनच आगीला लावतो. जो तसंच टॉर्च पेटवतो त्याच्याकडून टाकी घेऊन परत फिरा.

इंजिन

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे नुसता डबा नव्हे, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली मिश्रण ओढलं जातं, खाली येताना ते दाबून वर पाठवलं जातं. हा डबा हवाबंद नसेल तर नवा पिस्टन घाला, नवं कार्बोरेटर लावा, गाडी नीट चालणार नाही. म्हणून इंजिन उघडलं की क्रँकची दोन्ही ऑइल सील बदलायचीच, दिसायला चांगली असली तरी. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल ओढतं आणि मागून दाट पांढरा धूर सोडतं. डायनामोच्या बाजूचं गेलं की बाहेरची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण धूर दिसत नाही.

क्रँक हातात घेऊन कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. बाजूला थोडा हलला तर चालतो, वर-खाली अजिबात खेळ नको. असेल तर रॉड किट. ते प्रेसचं काम आहे, बाहेर द्या, पण परत घेताना क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायल लावून दाखवायला सांगा. काटा ०.०३ मिमीच्या आत हलायला हवा. जो कारागीर हे दाखवायला कुरकुर करतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

बोअरिंगबद्दल एक संवाद, जो उद्यमनगरात कुठल्याही दुकानी ऐकायला मिळेल:

"मामा, बोअर करून ठेवा. पिस्टन मागवलाय, येईल आठ दिवसांत."

"तसं न्हाई चालत. पिस्टन आण, मग बोअर."

"०.५० चाच आहे, पक्कं."

"डबीवर ०.५० असतंय रे. पिस्टन किती आहे ते मोजल्यावर कळतंय."

मामांचं शंभर टक्के खरं. ०.५० म्हणजे मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन. नावाला एकाच मापाचे दोन पिस्टन मायक्रोमीटरखाली वेगळे भरतात. कारागीर आधी नव्या पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, मोजतो, मग बोअर गेज सिलिंडरमध्ये वर, मध्ये, खाली असा सोडतो, आणि प्रत्येक जागी नव्वद अंशांत फिरवून परत बघतो. काटा वरच्या भागात एक सांगतो, पोर्टच्या जवळ दुसरं. त्या फरकातून सिलिंडर किती झिजला, किती लंबगोल झाला ते कळतं आणि पुढचं माप ठरतं. मूळ बोअर ६५ मिमीचा असतो. तो सगळी मापं संपवून बसला असेल तर नवी स्लीव्ह घालून परत मूळ मापावर आणता येतो. बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम या गावाला नवीन नाही. पिस्टन आणि सिलिंडरमधली जागा किती ठेवायची, तो आकडा पिस्टनच्या कंपनीनं दिलेलाच पाळा.

होनिंग (सिलिंडरच्या आतली बारीक घासणी) झाल्यावर पोर्टच्या कडा हलक्या मोडल्यात का, हे बोट फिरवून बघा. कड धारदार राहिली तर रिंग तिथे अडकते आणि तुटते. ही गोष्ट घाईत सुटते, म्हणून तुम्हीच आठवण करा. मग घरी आणून सिलिंडर गरम पाणी आणि साबणानं घासा, नुसतं पेट्रोलनं धुऊन होनिंगची भुकटी जात नाही. पांढरं फडकं आत फिरवल्यावर पांढरंच बाहेर आलं पाहिजे. लगेच तेलाचा हात द्या.

रिंग पिस्टनवर चढवण्याआधी नुसती सिलिंडरमध्ये सोडा, पिस्टननं ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. या मापाच्या सिलिंडरला साधारण ०.२ ते ०.४ मिमी. कमी भरली तर टोक बारीक कानशीनं घासायचं. पिस्टनवरचा बाण एग्झॉस्टकडे. गजन पिनच्या सर्क्लिपा नव्याच वापरा, आणि बसवताना क्रँककेसच्या तोंडावर फडकं कोंबा. एक सर्क्लिप आत पडली की सगळं परत उघडायचं.

बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवू नयेत. केसिंग ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवा, बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. केसिंग चांगलं तापलं असेल तर बेअरिंग आपल्या वजनानं खाली जाऊन 'टक्' असा आवाज करून बसतं. ओव्हन स्वयंपाकघरातला असेल तर केसिंग आधी स्वच्छ धुतलेलं हवं आणि घरात त्या वेळी कुणी नसावं.

आता ती चाचणी, जी गल्लीतल्या बहुतेक गॅरेजांत होत नाही आणि व्हायला हवी. इंजिन जुळलं की कार्बोरेटरची बाजू आणि दोन्ही एग्झॉस्टची तोंडं रबरी बुचानं बंद करा. एका जुन्या प्लगमधलं पोर्सिलीन फोडून काढा, त्याच्या लोखंडी कवचात सायकलचा वॉल्व्ह पितळी झाळेनं बसवून घ्या. हा झाला आपला अ‍ॅडॉप्टर. पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस पोर्टमधून एकमेकांना उघडे राहतात. टी-जोड लावून एका बाजूला हातपंप, दुसऱ्या बाजूला जुन्या बीपी मशीनचा डायल. काटा ३०० पर्यंत न्या, म्हणजे सुमारे ०.४ बार. त्याहून जास्त हवा भरू नका, सीलं बाहेर येतात. पाच मिनिटं काटा जवळपास तिथेच राहिला पाहिजे. उतरत असेल तर साबणाचं पाणी ब्रशनं लावत जा: हेडची कड, सिलिंडरचा तळ, केसिंगचा जोड, दोन्ही सीलं. फुगा कुठे येतो तिथे दोष. इंजिन टेबलावर असताना हे सापडलं तर तासाभराचं काम, रंगवलेल्या गाडीत सापडलं तर रडू येतं.

कार्बोरेटर, पेट्रोल, करंट

कार्बोरेटर जुन्या जावावर जिकोव्ह आणि पुढे मिककार्ब. पूर्ण उघडून जेट काढा आणि हवेनं साफ करा. भोकात तार घालू नका, माप बदलतं. स्लाइड हातानं हलवून बघा, खडखडत असेल तर बॉडी झिजली आहे आणि मग आयडलिंग कधीच स्थिर होणार नाही. हल्लीच्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि ओल धरतं. पाइप, टाकीच्या कॉकचं वायसर आणि फ्लोट नीडल इथेनॉल सोसणाऱ्या रबराचंच घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

टू-टी तेल लिटरला ३० ते ४० मिलिलिटर; नव्या पिस्टनला सुरुवातीला ४०. वेगळ्या कॅनमध्ये मिसळून मगच टाकीत ओता.

सहा व्होल्टच्या गाड्यांना लोक उगाच नावं ठेवतात. दिवा मिणमिणतो तो बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थिंगमुळे आणि हिरव्या पडलेल्या जोडांमुळे. नवं वायरिंग घालताना वायर जरा जाड घ्या, कारण कमी व्होल्टला तेवढ्याच दिव्यासाठी दुप्पट करंट वाहतो. हेडलाइटला परत येणारी वेगळी अर्थ वायर द्या, हँडलच्या छर्ऱ्यांमधून करंट जाईल या भरवशावर राहू नका. डायनामोचे कार्बन ब्रश आणि कम्युटेटर साफ करा. कंडेन्सर नवा टाका.

ठिणगीच्या टायमिंगला अंदाज नको. प्लगच्या भोकात डायल गेज लावून पिस्टनचं सर्वांत वरचं टोक शोधा, तिथून उलटं फिरवत या. जावा-येझदीच्या २५० मध्ये पॉइंट (कॉन्टॅक्ट ब्रेकर) उघडायचा क्षण वरच्या टोकाच्या ३ मिमीच्या आसपास आधी येतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. त्याआधी पॉइंटची फट ०.४ मिमीला लावून घ्या, कारण फट बदलली की टायमिंगही सरकतं.

कोरी जुळणी

आता गाडी पूर्ण जोडायची. गंज काढलेला पत्रा, प्रायमरचा एक हलका हात, बस. नवे टायर, केबल, साखळी-स्प्रॉकेट, ब्रेक लायनर, स्टिअरिंगचे छर्रे, सगळं लावून. मडगार्डची भोकं जुळतात का, सायलेन्सर ब्रॅकेटला न ताणता बसतो का, साखळी सरळ रेषेत चालते का, नव्या बाजारातलं मडगार्ड टायरला घासतं का, हे इथे कळतं. बाहेरून आणलेल्या नव्या पत्र्याला जवळपास दर वेळी एखादं भोक लांबवावं लागतं किंवा कान वाकवावा लागतो. ही ठोकाठोक रंगानंतर केली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणूनच मी म्हणतो, मूळ मडगार्ड वाचत असेल तर डेंटिंगवाल्याला पैसे द्या, नवं घेऊ नका. जुना पत्रा जाडही असतो.

अशी ही भुताटकीसारखी दिसणारी गाडी आवारात आणि गल्लीत थोडी चालवा. गळती, आवाज, गिअर निसटणं, क्लच ओढणं, जे काही असेल ते आत्ता निघू द्या. सगळं शांत झालं की पुन्हा खोला.

रंग आणि क्रोम

चेसिस पावडर कोटिंगला द्यायची की साधा रंग मारायचा यावर लोक हमरीतुमरीवर येतात. पावडर टिकाऊ, पण जाड. तिनं चेसिस नंबर भरून गेला तर आरटीओच्या तपासणीत तुम्हीच उभे राहाल. द्यायची असेल तर नंबरची पट्टी, बेअरिंगच्या बैठका, आटे आणि अर्थिंगच्या जागा टेपनं झाकून द्या, आणि ब्लास्टिंगआधीही झाका. मला स्वतःला चेसिसला साधा काळा रंगच आवडतो, खरचटलं तर घरी दुरुस्त करता येतो.

लांबी, म्हणजे पत्र्यावर भरायची पुट्टी, कमीत कमी. पत्रा ठोकून सरळ केला असेल तर नखाएवढ्या जाडीपेक्षा जास्त लागत नाही. मूळ छटा शोधायची तर टूलबॉक्सच्या झाकणाची आतली बाजू किंवा टाकीच्या खालचा भाग बघा, उन्हानं न उडालेला रंग तिथे सापडतो. तो तुकडाच रंगाच्या दुकानी न्या. आरसीवर लिहिलेला रंग बदलणार असाल तर तशी नोंद करून घ्यावी लागते.

टाकीवरच्या रेघांसाठी स्टिकर लावू नका. बाबूराव पेंटरांच्या या गावात ब्रशनं बोर्ड रंगवणारे हात अजून आहेत. लांब केसांच्या बारीक ब्रशनं, करंगळी टाकीच्या कडेला टेकवून, श्वास धरून एका दमात ओढलेली सोनेरी रेघ कुठे किंचित जाड, कुठे बारीक असते, आणि कारखान्यातली मूळ रेघही हातानंच ओढलेली दिसते. फोटो आधी दाखवा, रेघ कडेपासून किती अंतरावर हवी ते मोजून द्या, मग मध्ये बोलू नका.

क्रोमसाठी देताना खालच्या पॉलिशचे पैसे वेगळे विचारा. क्रोमचा थर पातळ असतो, खालचा खड्डा तो झाकत नाही. रिमच्या आऱ्यांच्या भोकांना आतून गंज असेल तर प्लेटिंगवर खर्च करू नका, रिमच बदला. चाक १६ इंची की १८, हे मॉडेलप्रमाणे बघून घ्या.

पहिली कीक आणि पुढे

शेवटच्या जुळणीत अ‍ॅल्युमिनियममधले बोल्ट टॉर्क रेंचनंच आवळा. जुने आटे गेलेले असतील तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घाला, जाड बोल्ट ठोकून घालू नका. गिअरबॉक्समध्ये तेल भरलंय ना, हे दोनदा बघा.

गाडी चालू झाली की पहिल्यांदा दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. मग गार इंजिनावर हेडचे नट मॅन्युअलच्या टॉर्कला परत बघा, गॅस्केट बसल्यावर ते थोडे सैल होतात. सुरुवातीच्या फेऱ्या रंकाळ्याभोवती, सपाट रस्त्यावर. थ्रॉटल एकसारखं धरून ठेवू नका, वेग वर-खाली करत राहा. उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये लोळवू नका. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलबरोबरच मिळतं, पेट्रोल बंद तर तेलही बंद. क्लच दाबा किंवा मधूनच थोडा थ्रॉटल द्या.

प्लग काढून बघायची सवय ठेवा. फिकट तपकिरी टोक म्हणजे ठीक. पांढरं पडलं तर मिश्रण पातळ आहे, गाडी थांबवा आणि हवा कुठून शिरते ते शोधा. काळं-ओलं असेल तर मिश्रण घट्ट, घाई नाही. चालवताना इंजिनाचा आवाज अचानक जड झाला, वेग आपोआप उतरू लागला, तर ती पिस्टन धरण्याची खूण आहे. त्याच क्षणी क्लच दाबा आणि बाजूला घ्या.

पन्हाळ्याचा घाट पहिल्या ५०० किलोमीटरनंतर. वर गेल्यावर गाडी स्टँडवर लावा, इंजिन गार होऊ द्या, तोवर सायलेन्सरचे नट, इंजिन माउंटिंग, मागच्या चाकाचा ॲक्सल आणि आऱ्यांचा ताण हातानं तपासा. आरीवर पान्यानं हलकेच ठोका. सगळ्यांचा आवाज एकसारखा यायला हवा, भदभद वाजली ती सैल. उतरण्याआधी समोरचा आणि मागचा ब्रेक उभ्या गाडीवर दाबून बघा. नवे लायनर एवढ्या अंतरात बसलेले असतात आणि केबल सैल पडलेली असते.

घरी आल्यावर गिअरबॉक्सचं पहिलं तेल गरम असतानाच काढा. त्यात बारीक चमक दिसली तर घाबरू नका. चुंबकाला चिकटणारे तुकडे निघाले तर मात्र झाकण पुन्हा उघडा. नवं तेल, साखळीला ताण, पॉइंटची फट परत ०.४, आणि आरटीओच्या तपासणीची तारीख घेण्याआधी हॉर्न, ब्रेक लाइट, स्पीडोमीटर आणि हाय-सिक्युरिटी नंबर प्लेट एकदा बघून घ्या.